एकेचाळीस मिनिटांची फेरी

सकाळचे अकरा वाजले होते आणि ती स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी होती. ओट्यावर चिरायला भाजी नव्हती, टॅब होता. टॅबवर होता चालता नकाशा. आतल्या खोलीत नवरा सिम्युलेटरवर विमान उडवायला लागला की इथे नकाशावर एक पिवळं विमान सरकायचं आणि मागे धावदोरा घातल्यासारखी लाल रेघ सोडत जायचं. ही जोडणी करताना तिच्या नाकी नऊ आले होते. चार आकडे मध्ये टिंबं देऊन एका चौकटीत भरायचे, एवढंच काम. पण बाईसाहेब दोन दिवस एक टिंब जास्तीचं देत होत्या. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे बेतलेल्या बाईला टिंब जास्त झालेलं दिसू नये, याचा तिला स्वतःचाच राग आला होता.

नवऱ्याला या नकाशाचा पत्ता नव्हता. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. दोन इंजिनांचं छोटं विमान घेऊन तीस वर्षं त्यांनी एकच फेरी केली होती: नदी धरून धरणापर्यंत, धरणावरून डावीकडे वळून दोन डोंगरांमधल्या खिंडीतून पलीकडे, मिठागराजवळच्या धावपट्टीवर. एकेचाळीस मिनिटं. टपाल, औषधं, कधी माणसं. सात महिन्यांपूर्वी डोक्यात रक्ताची गुठळी झाली. हात परत आला, बोलणं परत आलं. डॉक्टरांनी कागदावर सगळं ठीक असल्याचं लिहून दिलं. ठीक नव्हतं ते तिला एकटीला माहीत होतं, कारण ती लाल रेघ रोज बघत होती. धरणापर्यंत रेघ सरळ यायची आणि तिथे गोल गोल फिरायला लागायची.

मग ती चहाचा कप घेऊन आत जायची आणि सहज विचारायची, "डावीकडचा पडदा सारू का? ऊन येतंय." कॅप्टन डावीकडे बघायचे. खिडकीकडे बघता बघता त्यांची नजर समोरच्या डाव्या स्क्रीनवर पडायची, तिथे खिंड दिसायची, आणि ते विमान वळवायचे. "बघ, विसरलो नाही मी," असंही म्हणायचे. ती पडदा सारून परत यायची. गेला महिनाभर हे असंच चाललं होतं. तिला वाटायचं, सवयीने बसेल रस्ता डोक्यात, शिवण जशी हाताला बसते तशी. आणि नाही बसला तर? तो विचार ती पुढे जाऊच द्यायची नाही. विमान उडवणं सुटल्यापासून कॅप्टन भिंतीकडे तोंड करून बसायचे, जेवण पुढ्यात गार व्हायचं. त्या भिंतीची तिला धास्ती होती.

आज परीक्षा होती. कंपनीचे मुख्य वैमानिक घरी आले होते. ते कॅप्टनांच्याच हाताखाली तयार झालेले; त्यांना दादा म्हणायचे आणि हिला वहिनी. ही त्यांना भावजी म्हणायची. परत उडायच्या परवानगीचे बाकीचे कागद झाले होते, फक्त भावजींची सही राहिली होती. अट एकच: नकाशा न बघता फेरी पुरी करायची. खऱ्या विमानातला नकाशा त्या खिंडीत महिन्यातून दोनदा दगा देतो, तेव्हा डोळ्यांनी रस्ता काढता आला पाहिजे. कॅप्टनांना ही अट अपमानाची वाटली होती. "नकाशा बघून उडवायचं म्हणजे उत्तरं बघून पेपर लिहायचा," ते म्हणाले होते. स्वयंपाकघरात उत्तरं ओट्यावर पसरून बसलेल्या बायकोने तेव्हा मान खाली घातली होती.

अकरा वाजून पाच मिनिटांनी विमान उडालं. नदी नीट धरली. धरण आलं आणि रेघ वळायला लागली, चुकीच्या बाजूला. ती कप घेऊन आत गेली. "डावीकडचा पडदा सारू का?"

"नको वहिनी," भावजीच म्हणाले, "उजेड छान आहे." कॅप्टनांनी मानही वळवली नाही.

ती परत आली. एक चक्कर पुरी झाली, दुसरी सुरू झाली. तेवढ्यात भावजींचा फोन वाजला. हँगरमधून होता. ते बोलत बोलत बाहेरच्या गॅलरीत गेले आणि दार लोटून घेतलं. तिसरी चक्कर सुरू झाली. आतून कॅप्टनांचा आवाज आला, अगदी हळू, स्वतःशीच: "इथेच होती. इथेच तर होती."

गॅलरीतून "बरं, बरं, आलोच" असं ऐकू आलं. नकाशावर बोट दाबून धरलं की एक यादी उघडते हे तिला माहीत होतं. पूर्वी एकदा चुकून उघडली होती. तिने खिंडीच्या पलीकडे, मिठागराच्या अलीकडे बोट दाबून धरलं. यादीत शेवटून दुसरं होतं: विमान इथे ठेवा. तिने ते दाबलं.

आतल्या खोलीतले स्क्रीन दोन सेकंद काळे झाले. तिने दारातून पाहिलं. आता ओरडतील, असं तिला वाटलं. हे काय झालं, मी इथे कसा, असं म्हणतील. तीस वर्षांत मिनिटाचा आणि इंधनाच्या काट्याचा हिशेब न चुकलेला माणूस, त्याच्या लक्षात येणारच. त्यांनी ओरडावं म्हणून तिचा जीव तळमळत होता, आणि ओरडू नये म्हणूनही.

स्क्रीन परत उजळले. समोर पांढरं मिठागर होतं. कॅप्टन म्हणाले, "आलं."

भावजी फोनच्या नादातच आत आले तेव्हा चाकं खाली होती; घड्याळ त्यांनी पाहिलंच नाही. विमान असं टेकलं की भावजींनी मांडीवर थाप मारली. "दादा, हात तोच आहे हो." मग ते तिच्याकडे वळले. "वहिनी, सोमवारी सकाळी खऱ्या विमानातून मैदानावर एक चक्कर मारून घेऊ. आणि दुपारची फेरी दादांची. दोन नर्सांना पलीकडे न्यायचंय."

कॅप्टनांनी नोंदवही उघडली होती. ती त्यांच्या खांद्यामागून बघत होती. उड्डाण, अकरा पाच. उतरणं, अकरा अठ्ठावीस. आणि शेवटच्या रकान्यात, त्याच वळणदार अक्षरात, एकेचाळीस मिनिटं.

जे मागत होती ते मिळालं होतं. गप्प राहिलं की झालं. सोमवारी हा माणूस इस्त्रीचा गणवेश घालून बाहेर पडेल, भिंतीकडे बघत बसणार नाही. आणि मागच्या सीटवर दोन बाया असतील, ज्यांना कुणी पडदा सारू का विचारणार नाही.

ती स्वयंपाकघरात गेली, टॅब घेऊन आली आणि नोंदवहीच्या शेजारी ठेवला.

कॅप्टनांनी टॅब उचलला. चष्मा वर सरकवला. शिकाऊ वैमानिकाचा कागद तपासावा तसे ते बघायला लागले.

"हा कोण आहे?" त्यांनी भावजींना विचारलं. "धरणावर तीन चकरा मारल्यात याने. खिंड डावीकडे आहे आणि हा उजवीकडे शोधतोय. आणि मग ही सरळ रेघ, डोंगरातून. अशी रेघ कुणी उडवत नाही. याला कुणीतरी उचलून ठेवलंय." त्यांनी टॅब खाली ठेवला. "याला विमान देऊ नकोस. मागे माणसं बसतात."

भावजी टॅबकडे बघत होते, मग तिच्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "ते तुम्हीच आहात."

कॅप्टन हसले नाहीत, रागावले नाहीत. त्यांनी लाल रेघेवर बोट ठेवलं आणि नदीपासून हळूहळू नेलं. धरणापाशी बोट थांबलं. एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते उचललं.

"पडदा," ते म्हणाले. "रोज पडदा विचारायचीस."

"हो."

"ऊन नसायचं."

"नसायचं."

ती रडत होती आणि पुसतही नव्हती. कॅप्टनांनी पेन घेतलं. एकेचाळीसवर एक आडवी रेघ मारली, खोडताना मारायची असते तशी, खालचा आकडा वाचता येईल अशी. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि पुन्हा घड्याळाकडे.

"किती होतात गं?"

"तेवीस."

त्यांनी तेवीस लिहिलं. त्याच्यापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, जिथे तीस वर्षं काही लिहायची वेळ आली नव्हती, तिथे लिहिलं: पोचलो नाही. मग वही भावजींपुढे सरकवली आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"सही कर इथे," ते म्हणाले.