रुंदी नसलेलं मैदान

ही गोष्ट कोणाला पटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्याला पटेल त्याने उद्या सकाळी डोकं तपासून घ्यावं. ज्याला पटणार नाही त्याने निदान मधे बोलू नये, म्हणजे इतरांचा चहा गार होणार नाही.

तर एका देशाचा महिलांचा रग्बी संघ होता, आणि त्या संघाने मैदानावर कधी पाऊलच ठेवलं नव्हतं.

हसताय कशाला? पाणी न बघता पोहण्यावर व्याख्यानं देणारी माणसं जगात कमी आहेत का? त्यातली निम्मी तर मोठ्या हुद्द्यावर आहेत.

मैदान होतं, नाही असं नाही. पण ते पुरुषांचं. पुरुष खेळत नसत तेव्हा तिथलं गवत विश्रांती घेई. रग्बी महासंघाच्या साहेबांनी बायकांना दिली होती दोरखंडाच्या बंद पडलेल्या कारखान्याची शेड. दोर वळायला लांबी लागते, रुंदी लागत नाही. त्यामुळे ती शेड इतकी लांब, की या टोकाला शिंकायला लागलेली बाई त्या टोकाला पोचेपर्यंत सर्दीतून बरी झालेली असे. आणि रुंदी? तिघीचौघींनी शेजारी उभं राहून हात पसरले की दोन्हीकडे भिंत. वर पत्रा, तोही गंजलेला आणि अगदी डोक्याशी आलेला.

संघाची कप्तान इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. शिकवायचीही तीच, कारण पगारी प्रशिक्षक शेड पाहून दारातूनच परत फिरला होता. तिला सगळ्या ताई म्हणत, तिच्याहून मोठ्या होत्या त्यासुद्धा. दिवसभर वाफेत उभं राहून तिचे पाय सुजत. संध्याकाळी ती त्याच पायांनी पळत सुटे, आणि मागून पंधरावीस बायका.

खेळ तसा सोपा. चेंडू छातीशी धरून पुढे पळायचं, पण दुसरीला द्यायचा तर मागे किंवा बाजूलाच द्यायचा. पुढे दिला की चूक. समोरच्या टोकाची रेष ओलांडून चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय झाला. मधे जी येईल ती तुम्हाला कमरेत धरून लोळवणार.

शेडमधे बाजू नव्हतीच. म्हणून त्या मागे द्यायला शिकल्या, अगदी जवळ, हातातून हातात, जशी धुलाईघरात गरम चादर देतात तशी. चेंडू पायाने वर उडवायची सोय नव्हती. एकदा उडवला तर पत्र्यावर असा धाडकन आदळला, की गंजाचे पापुद्रे डोळ्यांत जाऊन चौघी आठवडाभर एकमेकींना ओळखत नव्हत्या. तेव्हापासून चेंडू वर गेला रे गेला की सगळ्या डोक्यावर हात घेऊन खाली बसत.

एकमेकींना भिडून रेटारेटी करायची असते, तिला स्क्रम म्हणतात. त्यात सगळ्यांत पुढे दाई असे. खरोखरची दाई, बाळंतपणं करणारी.

"जन्मभर दुसरीला 'ढकल, ढकल' म्हणत आले," ती म्हणायची. "आता कळलं, त्या मला शिव्या का घालत होत्या ते!"

आणि ताईची सख्खी धाकटी बहीण. तिला सगळ्या धाकटीच म्हणत. ती एवढी वेगात पळायची, की तिची सावली तिच्यामागे धापा टाकत येई. तिला परगावी चांगली नोकरी लागली होती. ताईने तिला अडवलं होतं.

"एक वर्ष थांब. संघ उभा राहील. तुझ्यासारखी पळणारी या देशात दुसरी नाही."

"आणि नाही राहिला तर?"

"माझ्या शब्दावर थांब गं."

धाकटी थांबली. एकाची तीन वर्षं झाली. नोकरी केव्हाच दुसऱ्या कोणाला लागली. दोघी बहिणी एका खोलीत राहत, एकाच आरशात केस विंचरत, आणि त्या नोकरीचं नाव दोघींपैकी कोणीही काढत नसे.

मग एके दिवशी साहेबांनी ताईला बोलावलं. खोलीत पंखा फक्त साहेबांच्या बाजूला फिरत होता.

"परदेशी संघ येतोय," साहेब म्हणाले. "तुम्ही खेळा. जिंका असं मी म्हणत नाही, मी काही राक्षस नाही. एक ट्राय करा. एकच. केलात तर संघ राहील. नाही केलात, तर आमची माणसं मला विचारतात हो, की हे लोढणं गळ्यात कशाला."

"साहेब, त्याआधी आठवडाभर मैदान द्या."

"गवत नुकतंच लावलंय."

"मग एक दिवस."

"ताई, तुम्ही शहाण्या आहात. गवताचं काय, ते उपटलं की उपटलं. तुम्हाला शेड आहे ना? आणि तीही आता लागणारच आहे आम्हाला, सामान ठेवायला."

ताई बाहेर आली. सरळ शेडकडे गेली आणि सगळ्यांना तेवढंच सांगितलं: एक ट्राय. गवताचं बोलली नाही.

सामन्याच्या सकाळी त्यांनी मैदान पाहिलं.

फक्कीच्या ताज्या पांढऱ्या रेषा, हिरवंगार गवत, आणि ते गवत दोन्ही बाजूंना जातच राहिलेलं. दाईने या रेषेपासून त्या रेषेपर्यंत मान फिरवली, आणि लोक म्हणतात तिची मान परत जागेवर यायला मधली सुट्टी व्हावी लागली.

"अगं बाई," ती म्हणाली. "भिंती कुठे आहेत?"

शेडमधे शिकवलेलं सगळं ताईला एका क्षणात दिसलं, आणि त्यातलं काय शिकवायचं राहिलं तेही दिसलं. राहिलेलं शिकवायला आता घटकाभरही वेळ नव्हता. तिने धाकटीला अगदी कडेच्या रेषेशी नेऊन उभं केलं.

"इथून हलू नकोस. चेंडू तुझ्याकडे पोचवायची जबाबदारी माझी."

"एवढ्या लांब?"

"पोचवीन म्हटलं ना."

मग तिने बाकीच्यांना बजावलं, "पसरा. कोणी कोणाला चिकटायचं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शिट्टी वाजली, आणि त्या मैदानाच्या मधोमध, दोन न दिसणाऱ्या भिंतींच्या मधे, एकीला एक चिकटून धावू लागल्या.

परदेशी बायका आधी चक्रावल्या. हा काहीतरी खोल डाव असेल असं वाटून त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांच्यातली एक त्या घोळक्याला बाहेरून वळसा घालून गेली, रस्त्यातल्या खड्ड्याला घालतात तसा, आणि चेंडू टेकवून परत आली. मग दुसरी गेली. नंतर नंतर तर त्या जाताना एकमेकींशी गप्पा मारत होत्या.

"पसरा गं!" ताईचा घसा बसला. ती ओरडायची तेव्हा बायका पसरायच्या, आणि चेंडू हातात आला की पुन्हा गोळा व्हायच्या. डोकं ऐकत होतं, पाय ऐकत नव्हते. ताई स्वतः तीनदा दाईच्या अंगावर आदळली.

मग परदेशी संघाने चेंडू पायाने उंच उडवला. चेंडू आभाळात, आणि देशाचा अख्खा संघ डोक्यावर हात घेऊन खाली बसलेला.

असं हसू त्या मैदानाने कधी ऐकलं नसेल. एका माणसाचे हसून हसून दात बाहेर पडले आणि ते पुढच्या रांगेतल्या टोपीत सापडले. साहेब हसले नाहीत. ते घड्याळ पाहत होते.

ताई उठली. गुडघ्याला माती होती, ती तिने झटकली नाही. तिने वर पाहिलं. वर काहीच नव्हतं, नुसतं मोकळं आभाळ, आणि ते तिला त्या पत्र्यापेक्षा जड वाटलं. इतकी वर्षं आपण या बायकांना खेळ शिकवत नव्हतो, शेडमधे मावायला शिकवत होतो, असं तिला वाटलं. कडेला धाकटी उभी होती. सामना सरत आला तरी तिच्या कपड्यांना एक डाग नव्हता.

"ताई!" ती अधूनमधून हाक मारत होती. पुढे पुढे तिने तेही सोडलं. नुसते हात पुढे करून राहिली.

आणि मग शेवटी शेवटी, रेटारेटीत दाईने तिघींना आडवं केलं आणि चेंडू निसटून ताईच्या हातात आला. एक सोडून सगळ्या परदेशी बायका मधे अडकल्या होत्या. ताई पळाली. समोर एकच आडवी येत होती. आणि बाजूला, किंचित मागे, सगळं मैदान ओलांडून धाकटी. तिच्यापुढे रेषेपर्यंत एक माणूस नाही, नुसतं गवत.

ताईने तिच्याकडे पाहिलं. एवढ्या लांब तिने आयुष्यात कधी चेंडू फेकला नव्हता.

आणि मंडळी, ताईने हात मागे नेला आणि असा फेकला, असा फेकला, की वाटेत एक कबुतर चेंडूवर बसून थोडा आराम करून उडून गेलं! लोक उभे राहिले. धाकटीने तो अलगद झेलला, पोटाशी धरला, आणि ती जी सुटली ती रेषेपलीकडेच थांबली. ट्राय! साहेबांचं घड्याळ हातातून गळून पडलं. ताई तिथेच मटकन बसली आणि रडली. संघ राहिला, मैदान मिळालं, आणि आजही त्या गवतावर...

"खोटं."

मागच्या बाकावरची एक बाई उठून उभी राहिली होती. केस पिकलेले, हातात रिकामा पेला.

"मधे बोलायचं नाही असं ठरलं होतं, बाई," कोणीतरी म्हणालं.

"सगळं ऐकून घेतलं, काका. तुमचं कबुतरसुद्धा ऐकून घेतलं. पण ट्राय झालाच नाही. कडेला उभी होते ती मी. ताईने माझ्याकडे पाहिलं, हात मागे नेला, आणि चेंडू शेजारून धावत आलेल्या दाईच्या हातात दिला."