ठिपक्यांतले आकडे

दीक्षाची नोकरी जवळजवळ पक्की झाली होती. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड तिने पहिल्या वर्गात काढला होता, चाकणच्या एका कारखान्यातली लेखी परीक्षा आणि मुलाखतही पार पडली होती. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी, आणि तिथेच ती अडकली. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकात लपलेले आकडे तिला वाचताच येईनात. लाल आणि हिरवा तिच्या डोळ्यांना सारखेच, असा शेरा पडला.

आयटीआयत एक मैत्रीण तिला हव्या त्या रंगाच्या तारा निवडून द्यायची. आपण धांदरट आहोत एवढंच दीक्षाला वाटत आलं होतं.

शेखर आणि वर्षाली लेकीला घेऊन चिंचवडच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पुन्हा तपासलं आणि कागदावर आकृती काढून समजावलं. "हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाकडे एकच एक्स असतं, ते आईकडून मिळतं. मुलीकडे दोन असतात, एक आईचं, एक वडिलांचं. एक चांगलं असलं तर मुलीचं सहसा निभावतं. दोन्हींत दोष असेल तरच तो असा दिसतो. आईमध्ये तो लपून राहू शकतो. वडिलांत लपत नाही." मग त्यांनी शेखरकडे पाहिलं. "तुम्हाला रंग ओळखायला त्रास होतो ना?"

"नाही," शेखर म्हणाला. "मला सगळं नीट दिसतं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. क्षणभर वर्षालीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "बघू," त्या म्हणाल्या, "तुमचीही एकदा तपासणी करू. सवडीनं या."

बसमध्ये शेखर खिडकीकडे तोंड करून बसला.

शेखर तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होता. शाळेत त्याने एकदा लिंबाच्या झाडाला तपकिरी पानं काढली, तर गुरुजींनी वही वर्गभर फिरवली होती आणि पोरं वर्षभर त्याला आंधळा म्हणायची. कंपनीत लागताना त्याच्या आधी तपासणीला आत गेलेल्या नदीम नावाच्या मित्राने ठिपक्यांतले आकडे पाठ करून बाहेर आल्यावर त्याला क्रमाने सांगितले होते. पुढे मालाच्या तपासणी विभागात बढती मिळत होती, ती त्याने नाकारली. घरी मात्र सांगितलं, साहेब लोक आपल्या माणसांनाच पुढे घेतात. एवढी वर्षं तो प्रेस मशीनवर लोखंडी पत्रे दाबत राहिला. तिथे रंगाशी गाठ पडत नव्हती.

कुरुळीला घरी पोचल्यावर ताटं वाढली गेली. शेखरच्या आईने, यशोदाबाईंनी विचारलं आणि दीक्षाने भोळेपणाने सगळं सांगून टाकलं.

"मंग शेखरला समदं दिसतं न्हवं?" यशोदाबाई म्हणाल्या. "तर पोरीत ह्ये आलं कुठनं?" आणि त्यांनी सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

आजीचं म्हणणं उमगायला दीक्षाला थोडा वेळ लागला. उमगल्यावर तिच्या हातातला घास तसाच राहिला. वर्षाली पोळी भाजत होती, ती भाजत राहिली. आता बोलायचं होतं ते एकट्या शेखरने. त्याने मान खाली घालून भात कालवला आणि खाल्ला.

जेवणानंतर वर्षाली आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली. शेखर दारात उभा राहिला.

"मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं," ती वर न बघता म्हणाली. "माझी हिरवी साडी तुम्ही मातकट म्हणालात. तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

"मग डॉक्टरांपुढं का नाही बोललीस?"

"तिथं तुम्हाला विचारलं होतं."

आज एका 'नाही'ने त्याने या बाईला कुठे नेऊन उभं केलं होतं, आणि तिने आवाजसुद्धा चढवला नव्हता.

तो बाहेर आला. आई आणि लेक ओसरीवर बसल्या होत्या.

"आई, मला लाल-हिरवा कळत नाही. लहानपणापासून. मी डॉक्टरांशी खोटं बोललो."

"कायतरी बोलू नगंस."

"मुलाला एक्स आईकडूनच मिळतं, आजी," दीक्षा हळूच म्हणाली.

"माझा थोरला भाव," यशोदाबाई म्हणाल्या, "पिकल्या मिरच्यांबरुबर हिरव्याबी तोडायचा. बा लई मारायचा त्याला. म्हंजे माझ्याकडनंच आलं व्हय?"

"दीक्षाचं निम्मं माझ्याकडून," दारातून वर्षाली म्हणाली. सासूने तिच्याकडे बघायचं टाळलं, पण बसल्या जागेवरून सरकून तिला जागा करून दिली.

दीक्षाचं लक्ष बापावर होतं. "मी ट्रेड निवडला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"माझं माहीत होतं. तुझा संशय होता."

"कधीपासून?"

"तू दुसरीत होतीस. झाडाला तपकिरी पानं काढलीस. बाईंनी बघू नये म्हणून मी ते चित्र फाडलं."

"तुम्ही म्हणालात ते हरवलं."

"हो."

ती उठून आत गेली. आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. शेखर कामावर जात होता, येत होता. लेक समोर आली की आपोआप त्याची मान खाली जाई.

नवव्या दिवशी ती आयटीआयत चौकशीला निघाली. तारांचे रंग ओळखावे लागत नाहीत अशा मशिनिस्टच्या ट्रेडला नव्याने बसता येईल का, हे विचारायचं होतं. शेखर न विचारता सोबत गेला. खिडकीपाशी रांग होती, रांगेत कुरुळीचे दोघं ओळखीचे होते.

"इलेक्ट्रिशियन पास आहेस की," कारकुनाने विचारलं. "मग परत पहिल्यापासून कशाला?"

"आवड नाही," दीक्षा म्हणाली.

ते खोटं तिच्या तोंडून अगदी सहज आलं. शेखर खिडकीशी वाकला. "तसं नाही साहेब. तिला लाल-हिरवा ओळखू येत नाही. मलाही येत नाही. माझ्याकडूनच आलंय तिला, आणि मी ते दडवलं."

मागचं बोलणं थांबलं. कारकुनाने मान हलवून तिला एक अर्ज दिला.

बाहेर रस्ता ओलांडताना दीक्षा थांबली. "सिग्नल कसा ओळखता तुम्ही?"

"जागेवरून. लाल वर असतो."

"मीपण," ती म्हणाली, आणि त्याची वाट न बघता पुढे निघाली.