धुण्याचा दगड

"उतरा बाबा, नाहीतर तुमच्यासकट उचलते!" धाकटीनं पहार रोवली.

बाबा धुण्याच्या दगडावर पाय फाकून उभे. "उचल की! माझ्या बापानं टाकलेला दगड आहे हा."

"टाकलेला नाही, ढापलेला!"

आता यात खोटं काय होतं? महायुद्धाच्या साली शत्रूच्या सैनिकांनी गावातले सगळे ज्यू नेले, शिंप्यापासून पाववाल्यापर्यंत. एकही माणूस परत आला नाही. मग त्यांच्या कबरींवरचे दगड गावानं घरोघर नेले. नावाची बाजू खाली, सपाट पाठ वर, की झाली मोरी, झाली पायरी! धाकटी आणि तिच्या कॉलेजातली पोरं ते दगड परत जागेवर उभे करायला निघाली, तर दारोदारी एकच उत्तर, "आधी स्वतःच्या घरचा दे." घरचा निघाला नाही तर सगळंच बोंबललं असतं.

आई बादली घेऊन आली. "उतरा खाली," ती म्हणाली. "शेवाळ काढताना कडेखाली बोटं जायची माझी. कोरलेलं लागायचं. कुणाचं तरी नाव आहे, हे कळत होतं मला, तरी आपटत राहिले. लाज वाटते हो."

"मग धुणं कशावर आपटशील?"

"तुमच्या पाठीवर!"

धाकटी फिस्सकन हसली. बाबा पुटपुटत उतरले. दगड पालथा केला तर चिखलाखाली कोरलेले दोन तळहात निघाले, आणि खाली नाव. बाबांचं तोंड एवढंसं झालं.

"निदान अंधार पडल्यावर तरी न्या. लोक बघतील."

"बघू देत!" आईनं बाह्या सरसावल्या आणि दगड चढवलेल्या हातगाडीला हात घातला. मायलेकींनी भर दुपारी, भर रस्त्यातून गाडी ढकलत नेली. खिडक्या उघडत होत्या, पटापट लागत होत्या.

गावच्या पुढाऱ्याच्या दारात धाकटीनं गाडी थांबवली. सगळ्यात मोठा नकार त्याचाच होता. पुढारी बाहेर आला, गाडीतला दगड पाहून गोड हसला.

"उन्हात का उभ्या? या ना वर."

"नको काका," धाकटी म्हणाली. "तुमच्या पायऱ्यांवर आम्हाला पाय ठेवायचा नाही. तुम्हीच खाली या. पहार आणलीय."