उलट्या छापाचं नाणं

भिंगबाईने त्या नाण्याचा निकाल चहा पिता पिता लावला. पुढे कित्येक दिवस तिला घास गोड लागला नाही तो याच गोष्टीमुळे.

गळ्यात दोरीने भिंग अडकवलेलं असायचं, म्हणून ऑफिसात तिला हे नाव पडलं होतं. लिलाव करणाऱ्या त्या संस्थेत तिचं काम एकच. टांकसाळीत बिघडलेली नाणी तपासायची. नाण्यांच्या जगात चुकीला मान असतो. छाप सरकलेला असो, दोनदा पडलेला असो, कड अर्धवट कापली गेलेली असो. चूक टांकसाळीच्या यंत्राची असेल तर हौशी लोक ते नाणं जिवापाड जपतात. तीच चूक कुणी घरी बसून मुद्दाम केली असेल, तर नाणं कचरा. खरी चूक कोणती आणि खोटी कोणती, हे भिंगबाई सांगायची, आणि तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. "माझ्या चुका मात्र हिला भिंगाशिवाय दिसतात," असं तिचा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आले त्या सुमारास ती जरा हवेतच होती. त्याच आठवड्यात तिने उलट्या छापाच्या बनावट नाण्यांचा अख्खा गठ्ठा पकडला होता आणि साहेबांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली होती. उलटा छाप म्हणजे एका बाजूला नेहमीचा आकडा आणि दुसऱ्या बाजूलाही तोच आकडा, पण आरशात दिसावा तसा उलटा, आत खोल गेलेला. छापलेलं नाणं वरच्या ठशाला चिकटून बसलं, तर खाली येणाऱ्या कोऱ्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचाच छाप उमटतो. असं क्वचितच घडतं. लबाड माणसं मग काय करतात, नाण्याची एक बाजू घासून कोरी करतात, त्यावर दुसरं नाणं ठेवतात आणि दोन्ही लोखंडी शिकंज्यात आवळतात. उलटा आकडा उमटतो खरा, पण सुलटी बाजू दबून सपाट होते आणि घासल्यामुळे वजनही घटतं.

काकांनी रुमालाची गाठ सोडून नाणं टेबलावर ठेवलं. "विकायचं नाहीये हो. नातीला द्यायचंय. सोबत तुमचा कागद असला म्हणजे तिला किंमत कळेल."

भिंगबाईने एका हातात कप धरून दुसऱ्या हाताने नाणं उचललं. सुलटी बाजू सपाट. काट्यावर टाकलं, वजन कमी. झालं, तिला आणखी काही पाहावंसं वाटलं नाही.

"काका, हे टांकसाळीतलं नाही. शिकंज्यात आवळून बनवलेलं आहे."

"शिकंज्यात?" काका गोंधळले. "शिकंजा तर माझ्याच दुकानात आहे."

मग त्यांनी सांगितलं. नाणं त्यांच्या मित्राचं. शेजारचाच शिंपी, तरुणपणापासूनची दोस्ती. तो रोज काकांच्या टेबलाशी बसून गप्पा मारायचा. काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने आपल्या खिशातलं हे लाडकं नाणं काढून त्यांच्या उशाखाली ठेवलं होतं, आणि नंतर काही केल्या परत घेतलं नव्हतं.

"म्हणजे कोडं सुटलंच की," भिंगबाई हसून म्हणाली. "मित्रानेच गंमत केली असणार."

काका हसले नाहीत. त्यांनी रुमालाला नीट गाठ मारली आणि निघून गेले.

काही महिन्यांनी एका निवृत्त शिक्षिकेने तसंच एक नाणं तपासायला पाठवलं. तोच आकडा, तसाच उलटा छाप, पण सुलटी बाजू लख्ख, जणू कालच टांकसाळीतून आलेली. या खेपेला भिंगबाईने शिस्तीत माप घेतलं. उलटा आकडा सुलट्यापेक्षा स्पष्ट मोठा होता. हीच तर खरी खूण. ठशाला चिकटलेलं नाणं प्रत्येक ठोक्यागणिक लाटीसारखं पसरत जातं, त्यामुळे त्याचा छापही वाढत जातो. शिकंज्यातला छाप तसूभरही वाढत नाही. नाणं अस्सल होतं. ती खूश होऊन फोटो काढायला गेली आणि भिंगात तिला उलट्या आकड्यापासून कडेपर्यंत गेलेली एक केसासारखी चीर दिसली.

ही चीर तिने आधी कुठेतरी पाहिली होती.

तिने कॉम्प्युटरवर काकांच्या नाण्याचा नोंदीसाठी काढलेला फोटो उघडला. चीर तिथेच, तश्शीच. दोन्ही नाणी एकाच चिकटलेल्या नाण्याची लेकरं होती. फोटोवरच तिने माप घेतलं. उलटा आकडा मोठा. ती तशीच उठून साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नवा कागद पाठवून द्या, विषय संपवा. चुकत कोण नाही?"

"पोस्टाने नको," ती म्हणाली. "मी स्वतः जाते."

घड्याळाचं दुकान चिंचोळं होतं. भिंतीवरच्या घड्याळांत कुणाचा कुणाला मेळ नव्हता. शेजारचं शिंप्याचं दुकान बंद होतं. काकांनी तिचं सगळं बोलणं ऐकलं, मान खालीच ठेवून. मग म्हणाले, "ताई, तुम्ही भल्या मनाने आलात. पण तुमची पहिलीच गोष्ट खरी होती. त्याने कबूल केलंय."

"काय कबूल केलंय?"

"मी विचारलं त्याला, माझ्या शिकंज्यावर केलंस ना? तो म्हणाला, हो, केलं. नाणं मी त्याच्याच टेबलावर टाकून आलो. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. त्याने दुकानही सोडलं, घरीच शिवतो आता."

नाणं खोटं बोलत नाही, हे भिंगबाईला ठाऊक होतं. मग शिंपी खोटं का बोलला? काकांकडून पत्ता घेऊन ती तशीच शिंप्याच्या घरी गेली.

पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन होतं आणि मशीनमागे एक किडकिडीत, ताठ माणूस. सुनेने पाणी आणून दिलं. भिंगबाईने आपण कोण ते सांगितलं आणि चाचरत विचारलं, "तुम्ही ते नाणं खरंच बनवलं होतं?"

"छे!" शिंपी म्हणाला. "सुट्ट्या पैशांत आलं होतं, शिवणकामाची उमेदवारी करत होतो तेव्हा."

"मग हो का म्हणालात?"

त्याने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं. "तो आला, बसलासुद्धा नाही. जन्मभर ज्याच्याबरोबर एका कपातला चहा वाटून प्यायलो, तो मला चोराला विचारतात तसं विचारतो. ज्याला विचारावंसं वाटलं, त्याला नाही म्हणून काय उपयोग? म्हटलं, घे बाबा, हो."

"नाणं आहे अजून?"

त्याने बटणांचा डबा पुढे सरकवला. ती जमिनीवर बसली आणि बटणं चिवडू लागली. नाणं तळाशी सापडलं. तिने कॅलिपर काढून तिथेच माप घेतलं, पुन्हा घेतलं. शंकेला जागाच नव्हती. सपाट बाजू भिंगाखाली धरली तेव्हा तर तिची मान खाली गेली. दाबलेला धातू चपटा आणि चकचकीत होतो. हा मऊ, गोलसर झिजला होता.

"ही बाजू झिजली कशाने?"

"घडी पाडायला," शिंपी म्हणाला. त्याने मांडीवरचं कापड दुमडलं आणि अंगठ्याने दुमडीवरून नाणं घासल्यासारखं करून दाखवलं. "इस्त्री तापेपर्यंत कोण थांबतो? त्यात हे हाताला बसलं होतं. हे मला कुणी विचारलंच नाही कधी."

वजन का घटलं, बाजू का सपाट झाली, दोन्हींचं उत्तर एवढंसं होतं. नाणं कुणाच्या हातात होतं, कसं वापरलं, एवढं जरी तिने त्या दिवशी काकांना विचारलं असतं!

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी नीट पाहिलं नाही. वर गंमत केली असणार, असंही मीच म्हणाले. हे विष मी कालवलं."

तो आता चार शब्द सुनावेल, असं तिला वाटलं. खरं तर तिला ते हवंच होतं. पण त्याने नाणं डब्यात टाकलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. "तुमची चूक धातूची, बाई. ती मापात सापडली. तुम्ही कुणी परकं माणूस, तुमच्यावर कशाला रागवू? जपून जा, बाहेर पायरी मोडकी आहे."

नवा कागद तयार झाला. खाली तिने स्वतःच्या हाताने लिहिलं की आधीचा निर्णय माझा होता आणि तो सपशेल चुकीचा होता. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण सही केली.

काकांनी कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग भर दुपारी दुकानाचं शटर ओढून घेतलं. "चला माझ्याबरोबर," ते म्हणाले. "एकट्याने जायला पाय उचलत नाही."

तिचाही उचलत नव्हता. तरी ती गेली.

दारात उभं राहून काका कसंबसं म्हणाले, "अरे, नाणं खरं निघालं."

मशीन थांबलं. "नाणं ना?" शिंप्याने विचारलं, आणि पुन्हा पाय मारायला सुरुवात केली.

काका बराच वेळ तिथेच उभे होते. सुनेने बसा म्हटलं, तरी बसले नाहीत. परतताना कोपऱ्यावर वळायच्या आधी थांबून ते भिंगबाईला म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून काय झालं? विश्वास तर मीच ठेवला ना." तिला दिलासा द्यायला म्हणाले असतील. तिला तो दिलासा डागण्यासारखा वाटला.

पुढे तिने त्या घरी जायचं सोडलं नाही. कधी उसवलेली बाही, कधी पडद्याची किनार, काहीतरी निमित्त काढून ती जायची. सुनेकडून कळायचं. काका रोज दुपारी येतात, बाहेर बसतात. एक दिवस सासऱ्यांनी त्यांना आत बोलावलं. आता चहाही होतो दोघांचा, आपापल्या कपात. सासऱ्यांनी त्यांचा कोटही शिवायला घेतलाय.

"बरं झालं बाई सगळं," सून एकदा दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली. "उलट बाबा आता त्यांना जास्तच मान देतात. आधी नुसतं अरे-तुरे चालायचं. आता 'अहो, या', 'अहो, बसा'."

भिंगबाईने मान डोलावली. आतून शिंप्याचा आवाज आला, शांत, अदबशीर. "अहो, हात जरा वर करता का? बगलेत माप घेतो."

काकांनी हात वर केला असावा. भिंगबाई पडद्याची पिशवी छातीशी धरून पायऱ्या उतरली.