झाकणाच्या आत

आमच्या दुकानामागच्या खोलीला खिडकी नाही. चौदा वर्षं मी भर दुपारी दिवा लावून भाजी निवडते. समोरच्या माडीवरची खोली रिकामी झाल्यापासून माझा जीव तिथल्या पूर्वेकडच्या खिडकीत अडकलाय. तिच्यात बसून केस विंचरायचे, एवढीच हौस. हसायचं तर हसा.

घरमालकिणीने बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत आगाऊ रक्कम द्या, नाहीतर दुसरी बिऱ्हाडकरीण तयार आहे. थोडेच पैसे कमी पडत होते आणि नेमके आमचे हे तापाने आडवे झाले. मग घड्याळदुरुस्तीच्या टेबलाशी मीच बसले. ह्यांच्या शेजारी बसून बसून निम्मं काम मलाही येतं.

दुपारी ग्रंथपाल आले, आमचं जुनं गिऱ्हाईक. मनगटी घड्याळ बंद पडलेलं. "कितीही लागू दे, पण चालू करा. मुलीनं पहिल्या पगारातून दिलंय," म्हणाले. मी उघडून भिंगातून पाहिलं. सेल संपला होता, बाकी मशीन ठणठणीत.

चौकातला दुकानदार अशा वेळी खुशाल 'मशीन गेलं' म्हणतो, म्हणून त्याचं दुमजली घर आहे. ह्यांना मी शंभरदा ऐकवलंय. हे नुसते हसतात. हसून घर होत असतं तर आमचा एव्हाना वाडा झाला असता.

मी म्हटलं, मशीन बदलावं लागेल. मला कमी पडत होता तोच आकडा सांगितला. ग्रंथपालांनी घासाघीस न करता पैसे ठेवले आणि तासाभरात येतो म्हणून गेले.

सेल घातला, काटा फिरू लागला. मग हात आपसूक सुईकडे गेला. आमची रीत आहे, घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत तारीख आणि केलेलं काम कोरायचं, म्हणजे पुढच्या कारागिराला कळतं. ह्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ, म्हणून ते काम लग्नापासून माझ्याकडे. कोरून झाल्यावर मी वाचलं. आजची तारीख आणि पुढे 'सेल'.

माझ्याच हातानं माझा घात केला. खरवडता आलं असतं, आत कोण बघतंय? पण वर जुन्या तीन खुणा होत्या. तिन्ही माझ्या अक्षरातल्या, तिन्ही खऱ्या. कानस हातात धरून मी कितीतरी वेळ बसले. मला ती खिडकी हवी होती हो. फार हवी होती.

ग्रंथपाल आल्यावर सेलपुरते पैसे ठेवून बाकीचे परत केले. "मशीन चांगलं आहे. मी चुकीचं सांगितलं."

ते म्हणाले, चूक होतेच माणसाकडून. ती चूक नव्हती, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

संध्याकाळी समोरची खिडकी कुणीतरी आतून उघडली. मी दुकान बंद करून मागे आले. ह्यांनी अंथरुणातूनच विचारलं, "आज काही आलं का?"

"एक सेल."

"कोरलंस ना?"

"कोरलं," मी म्हटलं आणि खोलीतला दिवा लावला.