आधी तुम्ही की आधी पोरं

"अडखळलास तर सायकलवर उलटं बसून घंटी वाजवत गल्लीभर फिरायचं!" न्हावी म्हणाला.

"आणि नाही अडखळलो तर तुझी मिशी माझी!" पंक्चरवाला मिस्त्री ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाला.

शेजारीपाजारी खदाखदा हसले. ती मिशी म्हणजे न्हाव्याच्या दुकानाची पाटीच.

पन्नाशीत कुराण पाठ करायला बसलेला मिस्त्री सहा वर्षांत पार शेवटाला पोचला होता. उद्या मशिदीत उस्तादांपुढे परीक्षा. पण एका जागी हवा हमखास जायची. सहाव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, एक आयत, सतराव्या सूरेत तिची जुळी बहीण: गरिबीपायी लेकरांना जीवे मारू नका, रोजी आम्ही देतो. एकीत 'तुम्हांला आणि त्यांना', दुसरीत 'त्यांना आणि तुम्हांला'. मिस्त्री सहावीतून निघायचा आणि थेट सतरावीत उतरायचा! उस्तादांनी तीनदा परत पाठवलं होतं. आता चुकला तर अजून वर्षभर उजळणी.

"आधी कोण, यानं काय फरक पडतो गं?" तो घरी कुरकुरला.

बायकोचे पीठ मळणारे हात थांबले. "अर्थ वाचलात का नीट? पहिलीत गरिबी घरात शिरलीये. आईबापच उपाशी, म्हणून आधी 'तुम्हांला'. दुसरीत नुसती भीती, उद्या पोरांचं कसं होणार? म्हणून आधी 'त्यांना'. अहो, तुम्ही तर जगलायत हे! थोरली झाली तेव्हा डब्यात पीठ नव्हतं. धाकटीच्या वेळी दुकान जोरात, तरी 'दोघींचं कसं व्हायचं' म्हणत उशीत तोंड खुपसून रडलात."

"हळू बोल, पोरी ऐकतील!"

"ऐकू देत की!"

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी नेमकी तीच जागा विचारली. न्हावी दारात मान लांब करून उभा. मिस्त्रीनं डोळे मिटले. रिकामा डबा दिसला, कुशीतली थोरली दिसली... आणि 'तुम्हांला' आधी आलं. मग सतरावी. धाकटीची इवली मूठ दिसली, 'त्यांना' आधी आलं. टोकायला उचललेली उस्तादांची पेन्सिल हवेतच राहिली.

"झालं," ते म्हणाले आणि स्वतः उठून त्यांनी मिस्त्रीला मिठी मारली.

संध्याकाळी न्हावी आपलीच खुर्ची रस्त्यावर मांडून बसला. सगळी गल्ली लोटली. मिस्त्रीनं हातावरचं ग्रीस तीनदा धुतलं, वस्तरा धरला.

"आधी कुठली बाजू, मिस्त्री?" न्हावी केविलवाणा.

"पोट भरलेलं आहे ना तुझं?"

"हो."

"मग आधी पोरं!" त्यानं साबणाचा ब्रश धाकटीच्या हातात दिला. थोरली आरसा धरून उभी राहिली. मिस्त्रीला मात्र आरशातलं काही दिसेना. तो बाहीनं डोळे पुसत होता.