कुडपणची दुसरी वाट

“काका, हे बघा. महाड, कुडपण, पोलादपूर, परत महाड. नुसतं फिरतंय.”

प्रियदर्शिनीने स्क्रीन सुहासकडे वळवली. ती महाडच्या इंटरनेट कंपनीत इंजिनिअर होती. सुहासने खांबाखांबावर चढून पोलादपूर तालुक्यात उभं केलेलं जाळं या कंपनीने विकत घेतलं होतं आणि त्यालाही नोकरीवर ठेवलं होतं. आदल्या दिवशी दोन्ही जाळी जोडली. सकाळपासून कुणाकडेच काही उघडत नव्हतं आणि फोन थांबत नव्हते.

डेटा कुठून न्यायचा ते रस्ते एकमेकांना सांगायची दोन्हीकडच्या राउटरांची रीत वेगळी. म्हणून एकाचे रस्ते दुसऱ्याला कळवायचं काम दोन ठिकाणी ठेवलं होतं, खाली पोलादपूरला आणि वर डोंगरातल्या कुडपण गावी, जिथली डिश बिनतारी थेट महाडशी जोडली होती.

“महाडने पोलादपूरला रस्ता सांगितला,” ती म्हणाली. “तोच तुमच्या जाळ्यातून वर गेला आणि कुडपणने महाडलाच परत सांगितला. महाडला वाटतंय, हा जवळचा नवा रस्ता.”

“म्हंजे त्याचंच त्याला परत.”

“हो. कुडपणची डिश बंद करून बघता?”

सुहासने ती बंद केली. थोड्या वेळात सगळं उघडू लागलं, फोन शांत झाले.

“पन ती चालू लागंल, मॅडम. पोलादपूरची केबल रस्त्याकडेनं वर जाते. पावसात दरड आली की तुटते. वर मोबाइलला रेंज नाय. तवा ही डिशच हाय त्यांना.”

तिला ते पटलं. पोलादपूरहून जाणाऱ्या रस्त्यांना खूण लावायची आणि खूण दिसली की कुडपणने तो रस्ता महाडला पाठवायचा नाही, एवढंच करायचं होतं. दुपारभर ती झटली. कुडपणचा राउटर जुना होता, त्याला खूण कळतच नव्हती. तिने कंपनीच्या मुंबईच्या साहेबांकडे नवा मागितला.

“चार घरांसाठी? बंदच ठेवा,” साहेब म्हणाले. तिने पुन्हा विचारलं, तरी तेच. सुहास ऐकत होता. आपणही बोलावं असं त्याला वाटलं, पण ते जाळं आता त्याचं नव्हतं.

जुलैत दरड आली. रस्ता गेला, केबल गेली आणि बंद डिश खालून चालू करायची सोयही त्या केबलवरच होती. वर ठकूबाईला ताप चढला होता. तिचा नवरा महिपत डॉक्टरला फोन लावत राहिला, पण लागेना; शेवटी डोली बांधून माणसं तिला घेऊन निघाली. ठकूबाई अर्ध्या वाटेवरच गेली. मुलगा शुभम कुवेतला. पायी खाली उतरलेल्या गड्याने त्याला कळवलं, तोवर तिला अग्नी देऊन झाला होता.

मग केबल सांधली आणि कंपनीने नवा राउटर दिला. तो पाठीवर बांधून सुहास दरडीवरून चालत वर गेला. महिपतच्याच पडवीत राउटरची पेटी होती. त्याने राउटर बसवला, खाली प्रियदर्शिनीने खूण लावली आणि डिश चालू केली. या वेळी काही फिरून आलं नाही.

“लागला, काका,” ती फोनवर म्हणाली.

सुहास महिपतसमोर उभा राहिला. “दादा, डिश मीच बंद केली व्हती.”

महिपतने मोबाइल पुढे केला.

“शुभमला लावून दे. मला दिसत नाय नीट.”

शुभमचा चेहरा आला.

“बाबा, आयला कुठं दिला अग्नी? दाखव ना.”

महिपत मोबाइल धरून अंगण ओलांडून निघाला. गोठ्याच्या कोपऱ्यावर चित्र अडकलं, तसा तो दोन पावलं मागे आला. त्यापुढे वायफाय पोहोचत नव्हतं. नदीकडची जागा भाताच्या खाचरांपलीकडे, धुक्यात होती.

“तिकडं, रे. त्या उंबराच्या खाली.”

“दिसत नाय, बाबा.”

महिपतने हात डोक्याच्या वर नेला, मोबाइल उंच धरला आणि तसाच उभा राहिला. हात खाली येऊ लागला, तेव्हा सुहासने जवळ जाऊन त्याचं कोपर खालून धरलं.